परवानगी कुणाच्या नावावर

इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये 'टूल्स'मधून 'इंटरनेट ऑप्शन्स' उघडलं आणि 'सिक्युरिटी' टॅबवर गेलं, की वर चार चित्रं ओळीने दिसायची. पहिलं पृथ्वीच्या गोलाचं, म्हणजे बाहेरचं सगळं इंटरनेट. दुसरं ऑफिसातल्या आतल्या जाळ्याचं. तिसऱ्यावर हिरवी बरोबरची खूण, 'ट्रस्टेड साइट्स'. चौथं लाल, प्रवेश बंदच्या पाटीसारखं, 'रिस्ट्रिक्टेड साइट्स'. कराडला बसस्थानकाजवळच्या आमच्या दुकानात मी या चार चित्रांसमोर जवळजवळ वीस वर्षं काढली. 2002 साली दिरांनी नेट कॅफे काढला तेव्हा मी गल्ल्यावर बसायचे. पुढे कॅफेचं गिऱ्हाईक आटलं आणि टेंडर भरून देणं, दाखले, परीक्षांचे अर्ज ही कामं आली. काम कुठलंही असो, पान उघडेना किंवा बटण चालेना झालं की हात त्याच टॅबकडे जायचा.

कुठल्या साइटला काय करू द्यायचं, हा प्रश्न ब्राउझर आज आपल्याला दिवसातून चारदा विचारतो. तो कधीपासून विचारायला लागला आणि का, हे मी दुकानात बसून तुकड्यातुकड्यांनी शिकले. हे तुकडे एकत्र मांडावेत असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवातीला ब्राउझर काहीच विचारत नसे. 1994 साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकी तयार केली. साइटने आपल्या संगणकावर ठेवलेली ती छोटी चिठ्ठी. तुम्ही पुन्हा आलात की साइट ती वाचते आणि तुम्हाला ओळखते. हेतू साधा होता. दुकानाच्या साइटला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी, एवढाच. पण अशी चिठ्ठी आपल्या घरात ठेवली जाते आहे, हे वापरणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. फेब्रुवारी 1996 मध्ये लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'ने त्यावर लिहिलं तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं. त्यानंतर नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत कुकी घेण्याआधी विचारण्याची सोय मिळाली. ती सुरू करून बसलं तर एकेका पानावर दहा-दहा वेळा खिडकी उघडायची आणि माणूस वैतागून ती बंद करायचा. विचारण्याचा पहिला प्रयोग असा विचारण्याच्या अतिरेकानेच फसला. ही गोष्ट पुढे पुन्हा घडायची होती.

1995 च्या मे महिन्यात नेटस्केपमधल्याच ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचं पहिलं रूप उभं केलं. आता पान नुसतं वाचायचं राहिलं नाही, ते स्वतः कामं करू लागलं. मग एका खिडकीत बँकेचं पान आणि दुसरीत भलतंच पान उघडं असेल, तर दुसऱ्याने पहिल्यात डोकावू नये यासाठी नेटस्केपने एक नियम घातला. पत्त्याचा आरंभीचा प्रकार (एचटीटीपी की एचटीटीपीएस), साइटचं नाव आणि पोर्टचा क्रमांक, तिन्ही जुळले तरच दोन पानं एका घरची. एक जरी वेगळं निघालं तरी परकं. आज आपण एखाद्या साइटला कॅमेरा देतो तेव्हा तो खरं तर या तीन गोष्टींच्या जुळणीला देतो. सगळ्या परवानग्या ज्या खुंटीला टांगलेल्या आहेत ती खुंटी ही.

1996 मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स आणलं. पानाबरोबर येणारा प्रोग्राम थेट विंडोजवर चालायचा, संगणकातलं काहीही त्याच्या हाताखाली. सुरक्षा म्हणून काय, तर त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही असायची. त्याच वर्षी फ्रेड मॅक्लेन नावाच्या प्रोग्रामरने 'एक्स्प्लोडर' नावाचा रीतसर सही केलेला प्रोग्राम आपल्या पानावर ठेवला. तो उघडला की विंडोज 95 चा संगणक सरळ बंद व्हायचा. त्यांना एवढंच दाखवायचं होतं की सही फक्त नाव सांगते, त्या नावाचा माणूस आत येऊन काय करील ते सांगत नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण पुढे आमच्या दुकानात याच मुद्द्यावर लोक फसताना मी पाहिले.

त्या चार चित्रांचा जन्म 1997 चा, इंटरनेट एक्स्प्लोरर 4 मधला. सगळ्या साइटना एकच नियम लावण्याऐवजी त्यांची गटवारी करायची आणि प्रत्येक गटाला वेगळा नियम. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, या गटांना क्रमांक होते: 0 आपला स्वतःचा संगणक, 1 आतलं जाळं, 2 विश्वासाच्या साइट, 3 इंटरनेट, 4 बंदी घातलेल्या. 'कस्टम लेव्हल' दाबलं की लांबलचक यादी उघडायची. सही असलेलं ॲक्टिव्हएक्स उतरवू द्यायचं का, सही नसलेलं द्यायचं का, जावास्क्रिप्ट चालू द्यायची का. प्रत्येकापुढे तीन गोल: चालू, बंद, विचारा.

त्या यादीत एक ओळ होती, 'फॉन्ट डाउनलोड'. मराठी माणसाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच, आणि तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. सगळ्या लिपींसाठीचं युनिकोड घरोघर पोचण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांच्या साइट आपापला फॉन्ट पानाबरोबर पाठवायच्या. तो उतरला तर मराठी दिसायची. नाही उतरला तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. दिरांनी व्हायरसच्या भीतीने सगळ्या संगणकांची पातळी कडक करून ठेवली होती. रोज सकाळी एक निवृत्त मास्तर पुण्याचा पेपर वाचायला यायचे. एके दिवशी ते म्हणाले, "बाई, आज पेपर वाचता येत नाही, हे काय झालंय बघा." अर्धा तास खटपट केल्यावर मला ती ओळ सापडली. सगळ्या इंटरनेटला फॉन्ट उतरवू देण्यापेक्षा त्या एकाच वृत्तपत्राचं नाव हिरव्या खुणेच्या यादीत घालावं, हे तेव्हा सुचलं. पान पुन्हा उघडलं आणि मराठी आली. माझ्या हाताने दिलेली ती पहिली परवानगी, आणि ती मराठी वाचता यावी म्हणून दिली होती, याचा मला आजही आनंद आहे.

कॅफेच्या त्या वर्षांत मात्र बाकीचं चित्र वाईट होतं. एक पान उघडलं की मागे-पुढे पाच जाहिराती. ॲक्टिव्हएक्सची खिडकी उघडायची आणि विचारायची: अमक्या कंपनीने सही केलेला प्रोग्राम बसवायचा का? खाली 'येस' आणि 'नो'. आणि एक छोटी चौकट, या कंपनीवर कायम विश्वास ठेवा. कॉलेजची पोरं न वाचता 'येस' दाबायची, कारण 'नो' दाबलं तर तीच खिडकी परत यायची. रात्री दुकान बंद करताना एकेका ब्राउझरच्या डोक्यावर तीन-तीन टूलबार बसलेले असायचे. ते काढण्यात तास जायचा.

ऑगस्ट 2004 मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. खिडकी गेली आणि तिच्या जागी पानाच्या वर एक फिकट पिवळी पट्टी आली. पॉप-अप अडवला आहे, एवढंच ती सांगायची. टिचकी मारली तर पर्याय मिळायचे: आत्तापुरता येऊ द्या, किंवा या साइटचे नेहमी येऊ द्या. बदल छोटा दिसतो, पण काही न करता पुढे जाणाऱ्याला आता नकार आपोआप मिळत होता. पूर्वी न वाचणारा माणूस फसायचा. आता न वाचणारा वाचला. आमच्या दुकानातले टूलबार एका महिन्यात कमी झाले. परवानगीच्या साऱ्या इतिहासात याहून मोठं पाऊल मला दिसत नाही. शिवाय 'आत्तापुरतं' आणि 'नेहमी' हे दोन वेगळे निर्णय आहेत, हेही कॅफेत येणाऱ्यांना इथेच पहिल्यांदा दिसलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स 1.0 हा नवा ब्राउझर आला. दिरांनी तो दोन संगणकांवर घातला. त्याच्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये होस्टपर्म.1 नावाची फाइल असायची. ती नोटपॅडमध्ये उघडली तर सगळं डोळ्यांनी वाचता येई. एका ओळीत परवानगीचा प्रकार, मग 1 किंवा 2, मग साइटचं नाव. 1 म्हणजे होकार, 2 म्हणजे नकार. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी ती फाइल होती, कुणाला किती दिलं ते एका नजरेत दिसायचं. 2008 मध्ये फायरफॉक्स 3 ने ही नोंद डेटाबेसमध्ये नेली. ते तांत्रिकदृष्ट्या योग्यच होतं, पण वही नोटपॅडमध्ये वाचण्याची सोय गेली.

आता ज्या दिवसाने मला या विषयाच्या मागे लावलं, त्याच्याबद्दल. फेब्रुवारी 2014. टेंडरं ऑनलाइन झाली होती. ठेकेदार डोंगल घेऊन यायचे, म्हणजे ज्यात त्यांची डिजिटल सही असते तो यूएसबी टोकन. सही करण्याचं काम ब्राउझरमधलं जावाचं ॲप्लेट करायचं. एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीचं टेंडर होतं, मुदत संध्याकाळी 5 वाजेपर्यंत. ठेकेदार ओळखीचे, गावाकडचे, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. सगळे कागद स्कॅन झाले, दर भरले, चार वाजून गेल्यावर सही करायला घेतली, आणि पडद्यावर खिडकी आली: सुरक्षेच्या सेटिंगमुळे ॲप्लिकेशन अडवलं आहे.

मी नेहमीचं सगळं केलं. ट्रस्टेड साइटमध्ये नाव होतंच. पॉप-अपला मुभा होती. ॲक्टिव्हएक्सचे गोल तपासले. ब्राउझर बंद करून उघडला. आण्णा मागे उभे. "वहिनी, टाइम संपत आला बघा," ते दोनदा म्हणाले, मग गप्प राहिले. झालं होतं असं की त्या जानेवारीत जावाची नवी आवृत्ती आली होती, सातवीची 51 वी सुधारणा. तिने नियम कडक केले आणि सोबत स्वतःची वेगळी यादी आणली, 'एक्सेप्शन साइट लिस्ट'. ती ब्राउझरमध्ये नव्हतीच; विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, जावाच्या चिन्हात, सिक्युरिटी टॅबमध्ये होती. आदल्या रात्री संगणकाने जावा अद्ययावत केलं होतं. ती यादी मला पाच वाजायला आठ मिनिटं असताना सापडली. नाव घातलं, ब्राउझर पुन्हा उघडला, पुन्हा लॉगिन, एकेका कागदावर सही. शेवटचा कागद चढत असताना पोर्टलवरच्या घड्याळात 5 वाजले आणि बटण मावळलं.

आण्णांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण ज्या कार्यालयाचं टेंडर होतं, त्यांनी हा बदल पोर्टलवर एका ओळीने कळवायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्या रात्रीपासून मी वही घातली. कुठल्या साइटला, कुठल्या यादीत, कुठल्या तारखेला, कशासाठी परवानगी दिली, ते लिहायला लागले.

वही घातल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ट्रस्टेड साइटची यादी जिथे भरायची, तिथे खाली एक चौकट असायची: या गटातल्या सर्व साइटना एचटीटीपीएसची पडताळणी हवी. तिच्यात खूण असेपर्यंत साधी एचटीटीपीची साइट यादीत घेतलीच जात नसे. आणि कितीतरी पोर्टलांच्या मदतपुस्तिकेत पहिली पायरी हीच लिहिलेली असायची, की ती खूण काढा. आम्ही सगळे काढायचो. मीही काढायचे. ती खूण काय म्हणत होती हे मला फार उशिरा कळलं. परवानगी नावाला दिली जाते. तेच नाव सांगून दुसरा कुणी येऊ शकत असेल, तर दिलेली परवानगी त्याच्याही हातात जाते. साध्या एचटीटीपीवर आमच्याच कॅफेच्या जाळ्यात बसलेला एखादा जाणकार पोरगा पान वाटेत बदलू शकला असता, आणि ब्राउझरने त्याला ट्रस्टेड साइट समजून दार उघडलं असतं.

ब्राउझर बनवणाऱ्यांनीही हा धडा उशिरानेच पाळला. जून 2009 मध्ये फायरफॉक्स 3.5 ने साइटना तुमचं ठिकाण विचारण्याची सोय दिली आणि प्रत्येक साइटसाठी वेगळी परवानगी घ्यायला सुरुवात केली. 2012 मध्ये क्रोममध्ये कॅमेरा आणि माइक आले. पण ठिकाण सांगण्यासाठी एचटीटीपीएस हवंच, हा नियम क्रोमने 2016 च्या एप्रिलमध्ये, 50 व्या आवृत्तीत केला; कॅमेऱ्यासाठी त्याच्या चार-पाच महिने आधी. तोवर लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे एचटीटीपीएससाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट मिळू लागली होती, म्हणून लहान साइटनाही ते परवडलं. जुलै 2018 पासून क्रोम एचटीटीपीच्या प्रत्येक साइटपुढे 'सुरक्षित नाही' लिहू लागला. त्या चौकटीतली खूण आम्ही काढत होतो, ती अशी वीसेक वर्षांनी सगळ्यांसाठी कायम झाली.

2020 च्या टाळेबंदीत दुकान बंद आणि फोन चालू. आया विचारायच्या, "काकू, पोराचा आवाज बाईंना जातच नाही." बहुतेक वेळा पहिल्या दिवशी प्रश्न आला तेव्हा पोराने घाबरून 'ब्लॉक' दाबलेलं असायचं. ब्राउझर नकार लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही. तीन वेळा नुसतं फुलीवर दाबून प्रश्न टाळला, तर क्रोम सात दिवस त्या साइटला विचारूच देत नाही. हे शहाणपणाचं आहे, पण आईला ते कळायचं कसं? पत्त्याच्या डावीकडच्या कुलपावर बोट ठेवा, माइकपुढचा नकार काढा, पान पुन्हा उघडा, हे मी त्या जूनमध्ये रोज फोनवर सांगत होते.

त्या कुलपाचंही लोकांच्या मनात भलतंच झालं होतं. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असा समज. गूगलच्या 2021 च्या अभ्यासात त्याचा नेमका अर्थ फक्त 11 टक्के लोकांना बरोबर सांगता आला. 2023 मध्ये क्रोमने कुलूप काढून तिथे दोन आडव्या रेघा आणि त्यांवर दोन ठिपके असं चिन्ह लावलं. मॅक्लेननी 1996 मध्ये सहीबद्दल दाखवलं होतं तेच कुलपालाही लागू होतं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मी नोटिफिकेशनच्या परवानगीने झालेलं पाहिलं. 2015 मध्ये क्रोमने साइटना बंद असतानाही सूचना पाठवू दिल्या, आणि पाहता पाहता बातम्यांपासून रेसिपीपर्यंत प्रत्येक पान उघडताच ती मागू लागलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने 2018 च्या डिसेंबरअखेरपासून महिनाभर फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत मोजलं: 1 कोटी 80 लाख वेळा हा प्रश्न दाखवला गेला, होकार 3 टक्क्यांहून कमी. कॅमेरा आणि माइकच्या प्रश्नाला मात्र 85 टक्के होकार, कारण तिथे माणसाने स्वतः बोलायला सुरुवात केलेली असते. 2020 च्या आरंभी फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनी हा प्रश्न गप्प केला. कुकीच्या खिडक्यांची चूक पंचवीसएक वर्षांनी पुन्हा झाली होती.

पण तोवर दिलेले होकार फोनमध्ये राहिले. गेल्या वर्षी एक निवृत्त एसटी कंडक्टर काका आले. फोनवर दर दहा मिनिटांनी लाल सूचना: तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, इथे दाबा. दोनदा दाबूनही झालं होतं. "पोरी, मी तर कुठंच गेलो नाही," ते म्हणाले. क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे होकार दिलेल्या चौदा साइट होत्या. त्यातल्या एकीने काकांना म्हटलं होतं, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला 'अलाऊ' दाबा. काकांनी प्रामाणिकपणे दाबलं. व्हायरस कुठेच नव्हता. होती ती फक्त एक परवानगी. ती काढली आणि फोन शांत झाला.

इंटरनेट एक्स्प्लोरर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला. जुन्या साइटसाठी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये त्याचा एक कोपरा ठेवला आहे, आणि तिथे घातलेलं नाव 30 दिवसांनी आपोआप गळून पडतं. परवानगीला मुदत असावी, हे शेवटी पटलं म्हणायचं. आमचा टेंडरचा जुना संगणक भंगारात देण्याआधी मी ते हिरवं चित्र एकदा उघडलं आणि वही शेजारी घेतली. यादीत 27 नावं होती. नऊ साइट आता उघडतच नाहीत. दोन नावांची मुदत संपून ती दुसऱ्याच कुणी घेतली होती. एकावर जुगाराची जाहिरात होती. आमच्या संगणकाने त्यांना अजून विश्वासाच्या यादीत ठेवलं होतं, कारण नाव तेच होतं. मास्तरांच्या वृत्तपत्राचं नावही होतं, यादीत अगदी वर.

तुमच्या घरात आई-वडील, सासू-सासरे असतील तर आज जेवणं झाल्यावर त्यांचा फोन मागून घ्या. साइट सेटिंग्ज उघडा. नोटिफिकेशन, ठिकाण, कॅमेरा, माइक, या चार याद्यांतली नावं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्या नावाची ओळख त्यांना पटणार नाही, ते त्यांच्यासमोरच काढून टाका.